पाणी किती फुटावर?

प्रिय मावशी, सलाम.

मी ४६ वर्षांची, कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला तळमजल्यावर राहते. माहेर-सासर दोन्हीकडून ख्रिस्ती. आठ वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संडे स्कूल घेते. २०१९च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. नऊ दिवस एका शाळेत काढले. २०२१ला पुन्हा तेच. घर धुतलं, रंग दिला, कपाट नवीन आणलं. आईचं बायबल तेवढं भिजून फुगलं, पानं चिकटली. टाकवत नाही म्हणून माळ्यावर ठेवलंय.

तेव्हापासून जून लागला की मी रात्री दोनला उठून मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. पाणी २२ फुटांवर असलं तरी बघते. आता तर भीतीला पावसाचीही गरज राहिली नाही. मुलगा गोकुळ-शिरगाव औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला जातो, त्याची गाडी दारात लागेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून असते. अवेळी फोन वाजला की हातपाय गार पडतात. गॅस बंद केला का, म्हणून निम्म्या वाटेवरून माघारी येते.

महिला मंडळात सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "विश्वास कमी पडतोय, तीन दिवस उपास धरा." धरला. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले. मागच्या रविवारी पोरांना येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालतो तो धडा दिला. फळ्यावर 'भिऊ नका' लिहिताना माझाच हात कापत होता. मावशी, मी विश्वासणारी आहे की ढोंगी?

— एक भित्री बाई, शाहूपुरी


सलाम गं बाई.

मावशी म्हणालीस, तेव्हा मी अगं-तुगंच करणार. सत्तरी ओलांडलीय, तेवढा हक्क चालून जाईल.

आधी सांग, उपास सोडलास ना? नसशील सोडला तर हे वाचायचं बाजूला ठेव आणि भाकरी खाऊन ये. थट्टा नाही करत. बायबलात पहिला राजे, १९वा अध्याय काढून बघ. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया. ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि गडी जीव घेऊन पळत सुटला. रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता पुरे झालं, माझा प्राण घे. देवानं दूत पाठवला. दूतानं त्याला विचारलं नाही की परवा आकाशातून अग्नी उतरला तेव्हाचा तुझा विश्वास कुठं गेला म्हणून. त्यानं निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. एलीयानं खाल्लं आणि परत झोपला. दूतानं परत उठवलं, परत खायला घातलं. देवाचं बोलणं झालं ते त्यानंतर, पार होरेब डोंगराला पोचल्यावर. घाबरलेल्या माणसाला उपाशी ठेवावं हे आपल्याला सुचतं कुठून, मला कळत नाही. उपास मीही धरते, पण भीतीवरची गोळी म्हणून नाही. त्या बाईंवर मात्र राग धरू नको. त्यांना कुणीतरी तेच सांगितलेलं असणार.

आता तुझा तो रविवारचा धडा. मत्तय १४. पेत्र नावेतून उतरला, थोडा चालला, वारा बघून भ्याला, बुडायला लागला आणि ओरडला, प्रभूजी, मला वाचवा. तीन शब्द. एवढी आखूड प्रार्थना आपल्या मंडळीत कुणी केली तर पाळकसाहेब आमेन म्हणायलाही गडबडतील. पण त्याच्या पुढचं वचन परत एकदा सावकाश वाच. येशूनं लगेच हात पुढं करून त्याला धरलं, आणि मग म्हणाला, अरे अल्पविश्वासी. आधी मनगट धरलं, बोलणं मागनं. त्या 'अल्पविश्वासी'चा सूर काय असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. रंकाळ्याच्या काठावर घसरलेल्या पोराला बाहेर ओढता ओढता आई जे काही बोलते, तसलाच असणार. आपण तो शब्द उचलतो आणि अजून पाण्यात असलेल्या माणसाला लांबूनच ऐकवतो.

आणि फळ्यावरचं ते 'भिऊ नका'. मोबाईलवर एक निरोप फिरतो बघ, बायबलात 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. ऐकायला गोड आहे, पण मोजायला बसलं तर तेवढे भरत नाहीत. त्यापेक्षा ते कुणाला म्हटलंय ते बघ. बेथलेहेमच्या मेंढपाळांना, मरीयेला, कबरेवर गेलेल्या बायकांना, तुफानात सापडलेल्या जहाजावरच्या पौलाला. सगळी आधीच घाबरलेली माणसं. शाळेच्या भिंतीवर लिहितात, 'थुंकू नये', तसला तो नियम नव्हे. रात्री दचकून उठलेल्या लेकराला जवळ घेऊन आपण म्हणतो, भिऊ नको, मी आहे ना. त्या वेळी लेकरानं काही गुन्हा केलेला नसतो. म्हणून हात कापत असताना तू ते वाक्य लिहिलंस यात ढोंग कसलं आलंय? ते ज्याच्यासाठी आहे, त्याच माणसानं लिहिलं.

अगं, प्रभू स्वतः गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला होता. ते त्यानं लपवलं नाही. तिघा मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, ती गोष्ट वेगळी.

आता बंधाऱ्याबद्दल बोलू. तू रोज रात्री बंधाऱ्याची पातळी बघतेस, पण बंधारा कधी नीट बघितलायस का? पाणी उतरलं की एकदा जाऊन बघ. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो प्रकार, अख्ख्या महाराष्ट्रात आपल्या गावाच्या नावानं ओळखला जातो. पावसाळा सरला की खांबांच्या मधे बरगे, म्हणजे फळ्या, घालतात. पाणी अडतं, उन्हाळाभर उसाला पुरतं. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळे बरगे काढून ठेवतात. माझे वडील शेतकरी, ते सांगायचे, पुराला अडवायला गेलं की पूर बंधाराच घेऊन जातो. त्याला मधून जाऊ द्यायचं.

तू २०१९पासून बरगे काढलेलेच नाहीस, असं मला तुझ्या पत्रावरनं वाटतं. घरात सगळ्यांना धीर द्यायचा, मंडळीत कुणी विचारलं तर 'प्रभूच्या कृपेनं बरं आहे' म्हणायचं, संडे स्कूलला हसत जायचं. एकदाच काय ते तोंड उघडलंस, तर हातात उपास मिळाला. सगळं आत तुंबलंय. मग ते रात्री दोनला मोबाईलवाटे बाहेर येतं, गॅसच्या बटणावाटे बाहेर येतं.

बरगे काढायला स्तोत्रसंहिता आहे. आपण त्यातली गोड गोड तेवढी पाठ करून ठेवलीत. ६९वं स्तोत्र उघड. पहिल्याच वचनात पाणी गळ्याशी आलंय आणि माणूस देवाला हाक मारतोय. पुढं म्हणतो, चिखलात रुतलोय, पाय टेकायला जागा नाही, ओरडून ओरडून घसा कोरडा पडला. मला तर दर वेळी वाटतं, हा माणूस पंचगंगेकाठचा असावा. आणि ८८वं स्तोत्र वाच, ते तर अंधारातच संपतं. शेवटी हालेलूया नाही, काही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात घातलंय. 'याचा विश्वास कमी पडला' म्हणून कुणी वगळलं नाही. तू रोज ही स्तोत्रं मोठ्यानं वाच. मनातल्या मनात नको, मोठ्यानं. नवरा विचारेल काय चाललंय, तर त्यालाही शेजारी बसव. पुरात त्याचंही घर बुडालंय आणि तुझ्या अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल एक ओळ नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

जरा आडवाटेनं जाते. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या गावात आपल्या मंडळ्या आहेत. पण एवढ्या वर्षांत साक्ष म्हणजे जिंकल्याची गोष्ट, असंच आपण धरून चाललोय. आजारी होतो, बरा झालो. नोकरी नव्हती, लागली. 'या आठवड्यात मला भीती वाटली आणि अजून वाटतेय' अशी साक्ष द्यायला कुणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. मग प्रत्येकाला वाटतं, या बाकावर भित्री मी एकटीच.

आता अवघड भाग. तू सरळ विचारलेलं नाहीस, पण पत्रात तो आहेच. देवावर भरवसा ठेवला तर पाणी घरात येणार नाही का? पोरगा दर रात्री सुखरूप येईल का? मला तुला खोटं सांगायचं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते काही विश्वासणाऱ्यांची घरं वगळून गेलं नाही. त्याच दिवसांत तिकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. त्या नावेतल्या माणसांनी आपापल्या देवाला हाक मारली नसेल का? जो म्हणतो की श्रद्धा असली की संकट येत नाही, त्याला त्या काठावर उभं राहून तसं बोलता येईल का, हे मी स्वतःला विचारते. मला नाही बोलता येणार.

दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढं, नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. ते 'नाही सोडवलं तरी' मला फार जवळचं वाटतं. भट्टी टळली नाही. ते आत गेले, आणि राजाला आत तिघांच्या जागी चौघं दिसले.

२३वं स्तोत्र तुला पाठ असणार. एक गंमत बघ. सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. तो, तो, तो. मृत्युच्छायेची दरी आली रे आली की 'तो'चा 'तू' होतो: "कारण तू मजबरोबर आहेस, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." कुरणात देवाबद्दल बोलणारा माणूस दरीत देवाशी बोलायला लागतो. दरी चुकली असं तो कुठंच म्हणत नाही. तुझ्या बाबतीत हे घडलंय का ते तूच बघ. रात्री दोनला तू आधी कुणाशी बोलतेस? बंधाऱ्याशी.

पण म्हणून पातळी बघूच नको, असं मी म्हणणार नाही. पूरपट्ट्यात राहणाऱ्या बाईनं पातळी बघायलाच हवी. देवानं अक्कलही दिलीय. फक्त तिला वेळ ठरवून दे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्रीचं बघणं पोराकडं सोपव. तो दुसरी पाळी करून येतो, तोवर जागाच असतो, तोच बघेल आणि गरज पडली तर तुला उठवेल. आकडे तुला माझ्यापेक्षा नीट माहीत आहेत: ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. मग ठरवूनच टाक. ३९ला काय करायचं? कागदपत्रांची पिशवी दाराशी, धान्य आणि गाद्या माळ्यावर, गॅसची टाकी वर, औषधं बरोबर. ४३ला काय करायचं? घर सोडायचं, कुणाची वाट बघायची नाही. कुठं जायचं तेही आत्ताच ठरव आणि त्या पाहुण्यांना आत्ताच फोन करून ठेव. हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटव. आणि २२ फुटांना काय करायचं? तिथं तुझ्याकडं कामच नाही. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले तरी ते बंद करायला कुणी तुला बोलावणार नाही.

प्रभूचं ते वाक्य आहे ना, उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. उद्या दुःख नसेल असं तो म्हणत नाही, नीट बघ. आजचं आज उचल, एवढंच म्हणतो.

गॅसच्या बटणाचं मला नवल वाटत नाही, कारण माझी कडी आहे. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी रात्री उठून दाराची कडी बघायची. एकदा, दोनदा, सात सात वेळा. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून रात्रपाळ्या केलेली बाई मी, शवागाराकडं एकटी जायची, आणि घरच्या कडीला भ्यायले. मग एक सवय लावून घेतली. कडी घालताना मोठ्यानं म्हणते, "प्रभू, कडी घातली. आता तू जागा राहा, मी झोपते." १२१व्या स्तोत्रात म्हटलंय ना, इस्राएलाचा राखणदार डुलकीही घेत नाही म्हणून. मग दोघांनी जागून काय करायचं? पहिले दोन आठवडे हे म्हणूनही उठत होते. नंतर कमी झालं. अजून वादळी रात्री एकदा उठते. यातलं थोडं श्रद्धेचं आहे आणि थोडं साधं डोक्याचं, मोठ्यानं बोलून केलेलं काम लक्षात राहतं. गॅस बंद करताना तू करून बघ. शेजारीण हसली तर हसू दे.

पोराचं जरा वेगळं आहे. उंबऱ्यावर बसून तू त्याची गाडी ओढून आणू शकत नाहीस, आणि आई रोज दारात बसलेली असते हे माहीत असलेलं पोर हायवेवरून जोरात येतं. त्याला सांग, कंपनीतून निघताना एक मेसेज टाक आणि सावकाश ये. तो निघाला की एकदा त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर आणि आत जाऊन पड. झोप नाही लागली तरी पड.

आता नर्स म्हणून बोलते, हे टाळू नको. हातपाय गार पडणं, छातीत धडधड, झोप उडणं हे इतकी वर्षं चाललंय. एवढ्या मोठ्या पुरातून दोनदा गेलेल्या माणसाच्या शरीराला ती सवय लागून जाते, आणि तिच्यावर उपचार आहेत. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे. तिथं जायचा संकोच वाटला तर आधी १४४१६ला फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा, चोवीस तास, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. गोळी दिली तर गोळी घे. माझ्या वॉर्डात एकदा एक गृहस्थ आले होते. त्यांना कुणीतरी प्रार्थना करून सांगितलं होतं, आता बीपीच्या गोळ्या सोड, गोळी म्हणजे अविश्वास. महिन्याभरात त्यांची उजवी बाजू गेली. त्यांची बायको मला विचारत होती, सिस्टर, आमचा विश्वास कमी पडला का हो? मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज असती समोर तर म्हटलं असतं, पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय, नुसती प्रार्थना कर असं नाही सांगितलं. आणि ज्या लूकला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो, तो त्याच्याबरोबर असायचा.

संडे स्कूल सोडायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. येत्या रविवारी पेत्राचा धडा परत घे. पोरांना सांग, मागच्या वेळी एक गोष्ट राहिली, टीचरलाही पाण्याची भीती वाटते. बघ काय होतं ते. त्या वर्गातली निम्मी पोरं तुझ्याच गल्लीच्या आसपासची असणार, आणि जी मोठी आहेत ती २०२१ला कुणाच्या तरी खांद्यावर बसून बाहेर पडलेली असतील. त्यांना कुणी विचारलंय का? काय म्हणाली ते मला कळव.

आणि ती कागदपत्रांची पिशवी भरशील, तेव्हा आईचं बायबल माळ्यावरून काढून तिच्यात घाल, म्हणजे ३९ला शोधाशोध नको. ६९वं स्तोत्र नेमकं चिकटलेल्या पानांत असलं तर ओढून सोडवू नको, फाटेल. ते मोबाईलवर वाच.

— मावशी